बाबा खुर्चीत आहेत

माझा साडू आयुष्यभर काय करत होता असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं की काय काय बदलत नाही याचा तो अभ्यास करत होता. पगार घेऊन. एका संशोधन संस्थेच्या वरच्या मजल्यावर त्याला यासाठी खोली दिलेली होती. खोलीत एक फळा, एक टेबल, उन्हानं विटलेला पडदा आणि तो. या चौघांत बोलणारा तो एकटाच, आणि तोही फार नाही.

माझं लग्न झालं तेव्हा त्याची पहिली भेट झाली. दोन जावयांची ओळख व्हावी म्हणून ताईनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा देऊन ती आत गेली. मी रीत म्हणून विचारलं की तुम्ही नक्की काय करता. त्यानं माझ्यासमोरचा कप उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. काय बदललं, म्हणाला. मी म्हटलं, कपाची जागा. त्यानं पुढे विचारलं, भिंतीचा रंग? दाराची कडी? तुमचं वय? मी मदतीसाठी स्वयंपाकघराकडे बघायला लागलो.

मग त्यानं सांगितलं. हे सगळं तुम्हाला न सांगता कळतं. यंत्राला कळत नाही. यंत्राला तर्कानं चालायला शिकवायचं, तर जगाची आत्ताची अवस्था सांगावी लागते, कुठल्या क्रियेनं त्यात काय बदलतं ते सांगावं लागतं. तिथवर ठीक. पण कप हलवला एवढंच सांगितलं, तर भिंत अजून आहे की नाही याची यंत्राला खात्री नसते. म्हणून त्याच्या क्षेत्रातली माणसं कित्येक वर्षं बसून लिहीत होती: कप हलवल्यानं भिंतीचा रंग बदलत नाही. कप हलवल्यानं कडी निघत नाही. कप हलवल्यानं पाहुण्याचं वय वाढत नाही. प्रत्येक क्रिया घ्यायची आणि प्रत्येक वस्तूला तिच्यापासून वाचवायची. पुढे काही डोकेबाजांनी हे सगळं एका दमात सांगायची युक्ती काढली. जे बदललं म्हणायला कारण नाही, ते होतं तसंच आहे.

एवढ्यासाठी एवढी वर्षं, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की वाटतं तेवढं ते सोपं नाही, आणि माझ्या कपातला चहा पिऊन टाकला. कप आता त्याच्या बाजूला होता.

मी कोर्टात लघुलेखक आहे. तिथे भिंतीवरून, जिन्यावरून, सामाईक नळावरून भांडणं येतात. न्यायाधीशांना लगेच काही ठरवता येत नसलं की ते 'जैसे थे' असा हुकूम काढतात. म्हणजे कुणी वीटही हलवायची नाही. घरी जाताना मी बायकोला म्हटलं, तुझा मेहुणा म्हणजे चालता-बोलता जैसे थे आहे. तिनं ते बहिणीला सांगितलं आणि नाव पडलं. ताई रागावली की ते वापरायची. त्याला स्वतःला ती पदवी वाटायची.

घरात त्याचा उपयोग बेताचाच होता. ताईनं भाजी आणायला सांगितली, तर तो पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा. दुकान उघडं असलं पाहिजे, दुकानात भाजी असली पाहिजे, पिशवीला भोक नसलं पाहिजे, रस्ता जागेवर असला पाहिजे. अटींची ही रांग संपत नाही, हा त्याच्या शास्त्रातला जुना दुखवटा होता आणि तो ते सुतक उंबऱ्यात पाळायचा. ताई त्याच्या हातातली पिशवी ओढून स्वतः जायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका थंड रात्री ती म्हणाली होती, खिडकी लावा. ती खिडकी पुढे कायम बंद. ताई उकडून हैराण व्हायची. त्याचं म्हणणं, खिडकी उघड असं काही घडलेलं नाही. ती म्हणायची, मी रोज सांगते. तो म्हणायचा, तू तक्रार सांगतेस, तक्रार म्हणजे बदल नव्हे.

संस्थेतही दिवस फिरले होते. त्याच्या समोरच्या खोलीत एक तरुण प्राध्यापक आला होता. तो यंत्राला नियम-बियम सांगत नसे. उदाहरणांचे ढीग खायला घालायचे, यंत्र आपोआप सुधारतं, असा त्याचा खाक्या. आणि ते सुधारत होतं, ही खरी पंचाईत. साडूचे विद्यार्थी एकेक करून मधला बोळ ओलांडून तिकडे गेले. बोळ ओलांडण्याच्या क्रियेचे परिणाम मी लिहिले नव्हते, असं तो एकदा म्हणाला. विनोद केला की रडला, ते मला कळलं नाही.

तेवढ्यात सासरे न्हाणीघरात पडले.

सासरे निवृत्त शाळा-तपासनीस. सासूबाई गेल्यापासून एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. माणूस निवृत्त झाला, तपासणी झाली नाही. मुलींच्या घरी न कळवता यायचे, आल्या आल्या फळीवरून बोट फिरवायचे आणि त्या बोटाकडे नुसतं बघायचे. पडले तेव्हा हाड मोडलं नाही, पण कंबर धरली आणि ताईनं निकाल देऊन टाकला. बाबा आता आमच्याकडे. खोली रंगवून झाली. उशाशी घंटा ठेवली गेली. सासऱ्यांनी ती घंटा पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या घरी मुतायला जायचं तरी अर्ज करावा लागेल. तिच्या घरात धडधाकट राहण्यापेक्षा आपल्या घरात पडलेलं बरं. बापलेक दोघंही एकाच मुशीतले, त्यामुळे बोलणं पुढे सरकेना.

तोडगा साडूनं काढला, आणि याचंच सगळ्यांना नवल वाटलं. संस्थेच्या अडगळीत एक यंत्र होतं. कमरेइतकं उंच, खाली चाकं, एक हात. समोरच्या प्राध्यापकानं टाकून दिलेलं. ते सासऱ्यांकडे ठेवू, त्याला घर शिकवू, ते पाणी देईल, गोळ्या देईल, हात धरून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेईल. ताई ऑफिसातून फोनवर त्याला केव्हाही विचारू शकेल. ताईनं अट घातली: वर्षअखेरपर्यंत बघू, पण एकदा जरी गडबड झाली तरी बाबांची बॅग भरायची. सासऱ्यांनीही अट घातली. यंत्राला डोळे नकोत. आपण जन्मभर लोकांकडे बघत आलो, ते काय असतं ते आपल्याला माहीत आहे.

दुसरा कुणी असता तर इथेच हरला असता. साडू खुलला. डोळे नाहीत म्हणजे विचारच करावा लागणार. त्यानं यंत्राच्या मनगटावर तेवढा एक बारकासा डोळा ठेवला, उचलायची वस्तू पंज्यात आणि द्यायची वस्तू तळहातावर नीट आली की नाही ते बघायला; माणसाला धरून नेताना तो मिटलेला. बाकी घर त्यानं यंत्राला वाक्यांनी सांगितलं. टेबल इथे, फडताळ तिथे, गोळ्या फडताळात. कुठली क्रिया केली की काय बदलतं ते सांगितलं, आणि शेवटी ते त्याचं लाडकं वाक्य घातलं: बाकी सगळं होतं तसंच.

पहिल्या दिवशी यंत्रानं चहा आणला. कप हळूच सासऱ्यांच्या हातात दिला. मग म्हणालं, "चहा ओट्यावर आहे, आणतो," आणि परत गेलं. कप हलवल्यानं कप हलतो एवढंच त्याला सांगितलेलं होतं. चहा हलतो असं कुणी म्हटलं नव्हतं. ते ओट्यापाशी जाऊन नसलेला चहा शोधत बसलं. सासऱ्यांनी इकडे चहा पिऊन त्याचं नाव ठेवलं, ठोंब्या.

साडूनं रात्रभर बसून ते दुरुस्त केलं. जे ज्याच्या आत किंवा वर आहे, ते त्याच्याबरोबर जातं. दुसऱ्या दिवशी ठोंब्यानं टेबल पुसायला वरचा कागद ओढला आणि कागदावरचा चष्मा, पेन, दातांची डबी सगळं त्याच्या हिशेबात कागदाबरोबर केराच्या बादलीत गेलं. प्रत्यक्षात ते टेबलावरच होतं. सासऱ्यांनी दात मागितले, तर ठोंब्या बादलीत हात घालून बसला. तेही दुरुस्त झालं. असं करत करत महिन्याभरात ठोंब्या माणसात आला, किंवा निदान कारकुनात.

आणि मग जे झालं ते साडूच्या जन्मात पहिल्यांदा झालं. त्याचं काहीतरी चाललं. ताई ऑफिसातून विचारायची आणि ठोंब्या सपाट आवाजात सांगायचा, "बाबा खुर्चीत आहेत." संध्याकाळी विचारलं की, "बाबा पलंगावर आहेत. गोळी दिली." एवढ्या दोन वाक्यांवर ताईची झोप परत आली. तिनं शेजारणीला सांगितलं, ह्यांनी केलंय. हे वाक्य त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. साडूला नवा शर्ट मिळाला. रात्री खिडकीसुद्धा उघडली गेली म्हणे, पण ते मी माझ्या बायकोकडून ऐकलेलं आहे.

एका दुपारी कोर्टात दोन भावांचा जिना चालू होता. जिना कुणाचा यावर साक्ष चालली होती आणि मी बोटं मोडेपर्यंत लिहीत होतो. न्यायाधीश पाणी प्यायला थांबले म्हणून मी मान वर केली. शेवटच्या बाकावर, गुडघ्यांमध्ये काठी उभी धरून, सासरे बसले होते.

मधल्या सुट्टीत मी धावत त्यांच्याकडे गेलो. तुम्ही इथे कसे, विचारलं.

"मी खुर्चीत आहे," ते म्हणाले. "खोटं वाटत असेल तर विचारून घ्या."

मी बायकोला फोन लावला, काही न सांगता म्हटलं की जरा बाबांचं विचार. तिनं ठोंब्याला विचारून मला उलट कळवलं. बाबा खुर्चीत आहेत. समोर सासरे काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होते, परीक्षेत पोरानं पहिल्या झटक्यात बरोबर उत्तर दिल्यावर तपासनीस बघतो तसे.

त्यांनी सगळं सांगितलं. कंबर बरी होऊन बराच काळ झाला होता. भिंतीला धरून ते चालायला लागले होते, मग काठीनं, मग जिन्यानं. एकदा ते गॅलरीत उभे असताना ताईचा फोन आला आणि ठोंब्या म्हणाला, खुर्चीत आहेत. त्यांना शंका आली. हाडाचे तपासनीस, त्यांनी तपासणी सुरू केली. स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं, खुर्चीत. जिन्यात, खुर्चीत. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून केस कापून आले, तरी खुर्चीतच. ठोंब्या हात धरून नेईल तेव्हाच आपली जागा बदलते, अशी त्याची पक्की समजूत असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. मग रस्ते मोकळे झाले. कोर्ट त्यांना सगळ्यात आवडलं. शाळेत पोरं पढवलेली उत्तरं द्यायची, इथेही देतात, पण इथे निदान उलटतपासणी होते.

एकदा त्यांना परतायला उशीर झाला होता. दार हळूच उघडून आत आले, तर ठोंब्या रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहून हात पुढे करत होता. पंजा हवेवर मिटला. मग त्यानं ती हवा अगदी सांभाळून पलंगापर्यंत नेली, आडवी केली आणि तिच्यावर पांघरूण घातलं.

"मी मला झोपलेला बघितला," सासरे म्हणाले.  मग म्हणाले की पांघरूण मात्र कुठे चुरगळलं नव्हतं, पोरगं शिकलंय चांगलं.

हे कुणाला बोलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. अळीमिळी गुपचिळी. ताईला कळलं की घंटा वाजलीच म्हणून समजा.

मी काही दिवस मूग गिळून बसलो. पण कोर्टासमोरच्या चौकात बस वळते आणि म्हातारा काठी आडवी धरून तिला थांबवतो, हे खिडकीतून दिसल्यावर राहवेना. मी साडूच्या संस्थेत गेलो.

तो ऐकत असताना आधी पांढरा पडला. मग उठून फळ्याकडे गेला. सासऱ्यांचं काय होईल याबद्दल तो अजून एक शब्द बोलला नव्हता. बाहेरची क्रिया, असं पुटपुटला. त्याच्या नियमांत क्रिया करणारा एकच होता, ठोंब्या. कर्ता एक असला की सगळं कसं निर्मळ होतं, जे काही बदलेल ते त्याच्या हातून, आणि त्याची नोंद त्याच्याजवळ. ताईनं सांगितलं होतं की बाबांना आधाराशिवाय उठता येत नाही. म्हणून त्यानं सासऱ्यांना कर्त्यांत घेतलंच नव्हतं. मग कशात घेतलं होतं, मी विचारलं. त्यानं खडू खाली ठेवला. आपण संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ, म्हणाला.

गेलो. ठोंब्यानं आम्हाला पाणी दिलं. सासऱ्यांनी साडूच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या, आणि फुटलेला कोण ते त्यांना कळलं. मला ते काही बोलले नाहीत. रोख साडूकडे वळला.

"जावईबुवा, या तुमच्या शास्त्रात तुम्ही मला कशात घातलंत?"

साडूला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "वस्तूंत."

"कुठल्या?"

"हलवता येणाऱ्या."

"पलंग कशात आहे?"

"न हलवता येणाऱ्यांत."

"म्हणजे पलंगापेक्षा बरा आहे मी."

"तुम्ही, खुर्ची, पाण्याचा जग आणि पायपुसणं. एका गटात आहात."

मला वाटलं आता काठी उठणार. जन्मभर शिक्षकांना बाकावर उभं करणारा माणूस. पण म्हाताऱ्यानं पायपुसण्याकडे एकदा बघून घेतलं आणि साडूला म्हटलं की मग तसंच राहू द्या. एवढी वर्षं माणूस होतो, कुठे चाललात, केव्हा येणार, स्वेटर घातलाय का, हे विचारायचं कुणी राहिलं नाही. पायपुसणं झालो आणि गाव फिरून आलो. तुम्ही मला माणसांत घेतलंत की तुमची बायको मला घेऊन जाईल.

साडूला हे पटत होतं, हेच त्याचं दुखणं. पण तो मान हलवत राहिला. जोवर आपल्याला माहीत नव्हतं तोवर ती चूक होती, असं त्याचं म्हणणं पडलं. आता कळलं, म्हणजे ते खोटं झालं. आणि तर्काच्या पोटात एक खोटं वाक्य जाणूनबुजून ठेवलं की त्यातून काय वाटेल ते सिद्ध करता येतं. उद्या तो म्हणेल गॅस बंद आहे. परवा म्हणेल बाबा जिवंत आहेत.

"म्हणू दे की," सासरे म्हणाले. "तेवढंच बरं वाटेल पोरींना."

यावर आम्ही तिघंही हसलो, आणि साडू हसताना मध्येच थांबला. निघताना सासऱ्यांनी त्याचा शर्ट धरला. हात लावू नका त्याला, एवढंच म्हणाले. हुकूम नव्हता तो. मी त्यांना कुणाला विनवताना पहिल्यांदा बघितलं.

त्या आठवड्यात साडू कुणाशी बोलला नाही. फळ्यावर लिहायचा, पुसायचा. बाबा जाताना ठोंब्याला सांगून गेले तर, हा उपाय त्याला सुचला, पण ठोंब्या ते ताईला सांगणार. ठोंब्यानं ताईला सांगू नये असा नियम घालायचा तर ते लबाडी शिकवणं झालं. शेवटी त्यानं जे केलं ते एकाच ओळीत मावलं. सासरे उठू शकतात, चालू शकतात, दार उघडून जाऊ शकतात, आणि त्याची खबर द्यायला ते बांधील नाहीत. त्यानं सासऱ्यांना पायपुसण्याशेजारून उचललं आणि कर्त्यांत नेऊन ठेवलं. शास्त्राच्या दृष्टीनं हा गौरव होता. गौरवमूर्तींना कळवण्याची हिंमत त्याला झाली नाही.

रविवारी सकाळी आम्ही ताईकडे होतो. बोलता बोलता तिनं सवयीनं फोन पुढे ठेवून विचारलं, बाबा कुठे आहेत.

"माहीत नाही," ठोंब्या म्हणाला.

तिला वाटलं त्याला नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा, सावकाश विचारलं.

"माहीत नाही. गोळी दुपारी आहे."

ताई उठली ती चप्पल एका पायात घालूनच. आम्ही तिच्यामागे. वाटेत तिनं साडूला काय काय ऐकवलं ते लिहायला मी सरकारी कामावर नव्हतो. जिना ती धावत चढली, दार ढकललं.

सासरे खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. रविवारी कोर्ट बंद असतं.

ताई दाराला टेकून धापा टाकत राहिली. मग ठोंब्याकडे वळली. बाप ढळढळीत समोर बसलाय आणि हा म्हणतो माहीत नाही. यंत्र बिघडलं. म्हणजे अट मोडली. तिनं पलंगाखालून बॅग ओढली आणि फडताळातले सदरे तिच्यात भरायला लागली. सासऱ्यांनी पेपर खाली केला आणि साडूकडे बघितलं. काय झालं असणार ते त्यांना तेव्हाच उमगलं. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून ओठांवर बोट ठेवलं, ताईला दिसणार नाही असं.

चार सदरे भरल्यावर ताई थांबली. मुळात तिलाही बॅग भरायची नव्हतीच, तिला झोप हवी होती. साडूला म्हणाली, "अहो, काय बिघडलंय ते काढून टाका ना. कालपर्यंत होतं तसं करा."

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती मागणी त्याच्याकडे आली होती. होतं तसं करा. त्याला दोन मिनिटं लागली असती. म्हातारा घरी राहिला असता, ताई झोपली असती, आणखी एक शर्ट झाला असता. मी स्वतः मनातल्या मनात म्हणत होतो, कर बाबा, खोड ती ओळ.

"कालपर्यंत ते चुकीचं सांगत होतं," साडू म्हणाला. "आज बरोबर सांगतंय."

मग तो बोलला, मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं तेवढं. बाबा रोज जातात. जिना उतरतात, चौक ओलांडतात, कोर्टात बसतात आणि परत येतात. तू विचारलंस तेव्हा ते बहुतेक वेळा खुर्चीत नव्हते. तुला खुर्ची रिकामी असतानाच झोप लागत होती. ताई माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली, ती साक्ष पुरेशी झाली.

"आणि पडले म्हणजे?" तिनं विचारलं.

"पडतील."

"असं कसं बोलवतं तुम्हाला?"

"आपल्याकडे आणले तर पडणार नाहीत, असं मला सिद्ध करता येत नाही."

 सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज थेट बापावर गेलेला. "चालून दाखवा," ती म्हणाली.

ते उठले. वेळ लागला. खुर्चीच्या हातांवर जोर देताना त्यांचे दंड थरथरले आणि ठोंब्या हात पुढे करून आला, त्याला त्यांनी काठीनं बाजूला सारलं. दार उघडून ते जिन्यावर आले. कठडा धरून एकेक पायरी, आधी काठी, मग डावा पाय, मग दुसरा त्याच्या शेजारी. ताई मागे दोन पायऱ्यांवर, दोन्ही हात पुढे पसरून, पण लावत नव्हती. मधल्या वळणावर ते थांबून श्वास घेत होते तेव्हा तिचे हात त्यांच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना हवेतच थांबले.

खाली पोचल्यावर ते वळून वर येतील अशी आमची सगळ्यांची समजूत. ते वळले नाहीत. फाटक उघडून रस्त्याला लागले.

"बाबा, कुठे चाललात?" ताईनं विचारलं.

त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांचे कान उत्तम आहेत. काठी टेकत ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि डावीकडे वळले. कोर्ट उजवीकडे आहे.

ताई बराच वेळ फाटकाशी उभी होती. मग वर आली. साडू ठोंब्याशेजारी उभा होता, दोघंही सारखेच अवघडलेले. ती त्याच्याकडे न बघता आत गेली. बॅगेतले सदरे काढून तिनं फडताळात परत ठेवले, कसेही, घड्या न करता, आणि बॅग पायानं पलंगाखाली ढकलली. मग बापाच्या खुर्चीत बसली.

"केव्हा येतील?" तिनं विचारलं. ठोंब्याला नाही, नवऱ्याला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. दुपार झाली तसा ठोंब्या फडताळापाशी गेला, गोळी आणि पाणी घेऊन खुर्चीजवळ आला आणि समोर दिसला त्या तळहातावर गोळी ठेवली. ताईनं त्याला बाबा इथे नाहीत असं सांगितलं नाही. पाण्याचा पेला खिडकीत ठेवून तिनं गोळी मुठीत धरली आणि रस्त्यावरच्या काठीचा आवाज ऐकत बसली, जो अजून येत नव्हता.